नऊ मिलिमीटर रुंदीचा जपान

इ. स. 1853 च्या एप्रिलच्या 16 तारखेस बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही पाठ असते. परंतु त्याच वर्षी, अवघ्या काही महिन्यांनी, नागासाकीच्या बंदरात नांगर टाकून राहिलेल्या पुत्यातिन नामक रशियन दर्यासारंगाच्या जहाजावर वाफेने धावणारे एक चिमुकले इंजिन काही जपानी अंमलदारांना चालवून दाखविण्यात आले, आणि रेल्वेची पहिली ओळख जपानला अशी एका प्रतिकृतीच्या द्वारे झाली, ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. नागासाकीच्या बंदोबस्ताची जोखीम ज्या संस्थानांकडे होती त्यांपैकी सागा हे एक. त्या संस्थानच्या चाकरीतील माणसांनी ते यंत्र निरखून पाहिले, आणि 1855 साली तानाका हिसाशिगे या कारागिराने आपल्या सहकाऱ्यांच्या मदतीने स्वतःचे वाफेचे इंजिन घडवून ते रुळांवर चालवून दाखविले. हा तानाका तरुणपणी कळसूत्री बाहुल्यांबद्दल नावाजलेला होता, आणि त्याने पुढे टोकियोत जो कारखाना काढला त्याच्याच वंशवेलीवर आजची तोशिबा कंपनी आहे.

मधल्या 1854 साली अमेरिकेच्या कमोडोर पेरीने योकोहामा येथे शोगुनाच्या दरबारास जो नजराणा पेश केला, त्यात खऱ्याच्या एक चतुर्थांश आकाराची आगगाडी होती. वर्तुळाकार रुळांवर ती फिरू लागली तेव्हा डब्यात माणूस मावेना, म्हणून एक दरबारी मंडळीतील गृहस्थ थेट डब्याच्या छपरावर जाऊन बसला आणि झगा वाऱ्यावर फडफडत असता त्याने फेऱ्या मारून घेतल्या. खरी रेल्वे, शिम्बाशीपासून योकोहामापर्यंतची, सुरू व्हावयास 1872 साल उजाडले; तिच्यासाठी मेइजी सरकारात ज्यांनी विशेष खटपट केली ते ओकुमा शिगेनोबु मूळचे त्याच सागा संस्थानातले. आज त्या देशात कितीतरी घरांतून छोट्या आगगाड्या धावतात, प्रौढ माणसे त्यांवर आपली मिळकत आणि सुटीचे दिवस खर्च करतात, आणि कोणी त्यास पोरखेळ म्हणत नाही, याचे मूळ पाहू गेल्यास ते इतके मागे जाते.

या छंदातील पहिला विषय मोजमापाचा आहे, आणि तो ध्यानी घेतल्यावाचून पुढचे काही उलगडणार नाही. दोन रुळांमधील अंतर म्हणजे गेज, आणि मूळ वस्तूच्या किती पट लहान नमुना करावयाचा हे ठरविणारे ते प्रमाण. जपानात सर्वाधिक रूढ असलेल्या एन गेजमध्ये रुळांमधील अंतर 9 मिलिमीटर असते. युरोप-अमेरिकेतील बहुतेक रेल्वे 1435 मिलिमीटर गेजवर धावते, त्याचा 160 वा भाग जवळजवळ 9 मिलिमीटर भरतो. म्हणून तिकडे एन गेजचे प्रमाण सामान्यतः 1:160 मुक्रर झाले. जपानने मात्र 1872 साली 1067 मिलिमीटरांचा अरुंद गेज पत्करला होता आणि त्या गेजवरील इंजिने व डबे मुळातच बेताच्या अंगलटीचे. 160 ने भागले असता ती इतकी बारीक होत की त्यांच्या पोटात मोटर बसविणे कठीण पडावे. तेव्हा तेथील कारखानदारांनी साध्या गाड्यांसाठी 1:150 हे प्रमाण धरले आणि रूळ मात्र सगळ्या जगाचे, म्हणजे 9 मिलिमीटरांचेच, ठेवले. शास्त्रशुद्ध हिशेबाने ते 7.1 मिलिमीटरांचे असावयास हवेत. गाडी समोरून पाहिली असता चाके किंचित फाकलेली वाटतात. हा दोष तेथील सर्व हौशी मंडळींना माहीत आहे आणि सर्वांनी तो पोटात घातलेला आहे. 1964 च्या ऑक्टोबरात सुरू झालेली शिन्कान्सेन ही अतिवेगवान गाडी मात्र 1435 मिलिमीटरांच्या रुळांवर धावते, म्हणून तिच्या प्रतिकृती 1:160 प्रमाणात करतात, आणि तेथे हिशेब जुळतो.

जपानातील पहिली एन गेज गाडी 1965 साली बाजारात आली. सेकिसुई किंझोकू, जिला जग काटो या छापाने ओळखते, त्या कंपनीने सी-50 जातीचे वाफेचे इंजिन आणि ओहा-31 जातीचा प्रवासी डबा विक्रीस ठेवला. 1976 साली टोमी या खेळणी करणाऱ्या कंपनीने टोमिक्स या नावाने त्याच क्षेत्रात पाऊल टाकले, आणि तेव्हापासून या दोहोंच्या स्पर्धेत गाड्यांचे काम इतके नाजूक होत गेले आहे की वीतभरही लांब नसलेल्या डब्याच्या खिडकीखाली त्याचा क्रमांक भिंगातून वाचता यावा. यापेक्षा मोठ्या आकाराचे शौकीनही तेथे आहेत, 16.5 मिलिमीटर रुळांवर 1:80 प्रमाणाच्या पितळी इंजिनांची त्यांची परंपरा जुनी व महागडी आहे. परंतु घरच लहान असेल तर मोठी गाडी फिरवावी कोठे? टोकियोतील बहुसंख्य कुटुंबांपाशी आगगाडीसाठी राखून ठेवण्यासारखी खोली नसते. रात्री जेवणे आटोपली की तातामीच्या चटईवर रूळ मांडावेत, तास दोन तास गाडी फिरवावी आणि बिछाने घालण्याच्या आधी सगळे पुन्हा खोक्यात भरून ठेवावे, असा तेथील रिवाज आहे. चटईचे तंतू आणि धूळ इंजिनाच्या दात्यांत शिरू नये यासाठी तेथील रुळांना खाली खडीच्या आकाराचा प्लॅस्टिकचा पाया जोडलेलाच असतो, आणि एक तुकडा दुसऱ्यात खटकन् बसतो. ज्यांना तेवढीही सोय नाही त्यांच्यासाठी भाड्याचे लेआउट आहेत: दुकानात बांधून ठेवलेल्या मोठ्या देखाव्यावर, तासाप्रमाणे पैसे मोजून, आपली गाडी आणून चालवावी आणि परत घेऊन जावी.

आता लेआउट, म्हणजे स्थिर देखाव्यासह मांडलेली कायमची रेल्वे, बांधावयाची तर प्रमाणाचा आकडा एकाएकी निष्ठुर वाटू लागतो. फुजी पर्वताची उंची 3776 मीटर. 1:150 प्रमाणात तो 25 मीटर, म्हणजे आठ मजली इमारतीएवढा होईल. टोकियोची यामानोते ही वर्तुळाकार लाइन 34.5 किलोमीटरची, तिच्या प्रतिकृतीस 230 मीटर रूळ लागतील. शिन्कान्सेनची 16 डब्यांची गाडी 400 मीटर लांब असते. 1:160 प्रमाणातही ती अडीच मीटर होते, आणि तिला उभे राहावयास जो फलाट द्यावा लागतो तो सामान्य दिवाणखान्याची एक भिंत गिळून टाकतो. फुजी पर्वताची पार्श्वभूमी घेऊन शिन्कान्सेनची जी तसबीर दिनदर्शिकांवर हमखास आढळते, तिच्यातील फुजी नदीवरचा पूल 1373 मीटरांचा आहे. त्याची प्रतिकृती साडेआठ मीटरांची व्हावी. सारांश, येथे जो सर्व काही मांडू पाहील त्याच्या हाती काहीच लागणार नाही. मुलुखाचा एक लहानसा तुकडा निवडावयाचा आणि बाकीचा सोडून द्यावयाचा, इतकेच लेआउट बांधणाऱ्याच्या हाती असते. माझ्या मते त्याची सगळी प्रज्ञा या सोडून देण्यातच दिसून येते.

जपानबाहेर बांधलेले जपानी धर्तीचे जे लेआउट पाहावयास मिळतात, त्यांतील पुष्कळांचे नुकसान याच ठिकाणी झालेले असते. एका फळीवर पाच मजली पॅगोडा, त्याच्या शेजारी तांबडी कमान, मागे फुजी, पुढे फुललेली चेरी, तिच्याखाली किमोनोतील ललना, आणि या गर्दीतून सुसाट जाणारी शिन्कान्सेन! यातील प्रत्येक वस्तू जपानात आहे, पण त्या सगळ्या एकत्र जेथे दिसतात असे ठिकाण तेथे कोठेही नाही. जपानी रेल्वेच्या डब्यातून बाहेर पाहणाऱ्यास वस्तुतः दिसते ते निराळेच: करड्या कौलांची व पन्हळी पत्र्यांची घरे, गल्लीच्या दोन्ही अंगांस विजेच्या व टेलिफोनच्या तारांनी ओथंबलेले सिमेंटचे खांब, सज्जांत वाळत घातलेली अंथरुणे, शीतपेयांची स्वयंचलित यंत्रे, आणि रुळांच्या कडेपर्यंत आलेले भाताचे अथवा मुळ्याचे इवलेसे वावर. ज्याने हे तपशील पदरी घेतले त्याचा लेआउट, त्यात एकही मंदिर नसले तरी, पाहताक्षणी जपानचा म्हणून ओळखू येतो.

म्हणूनच ज्यास या छंदात मनापासून उतरावयाचे आहे त्यास मी एनोशिमा विद्युत् रेल्वेचा, म्हणजे तेथील लोक जिला प्रेमाने एनोडेन म्हणतात तिचा, अभ्यास करावयास सांगेन. टोकियोच्या नैर्ऋत्येस सागरकाठी फुजिसावापासून कामाकुरापर्यंत ती जाते. लांबी 10 किलोमीटर, स्थानके 15, लाइन सर्वत्र एकेरी. पहिला टप्पा 1902 साली खुला झाला आणि कामाकुरापर्यंतचे काम 1910 साली पुरे झाले. तिचे डबे आखूड, रंग हिरवा आणि साईसारखा. वेग ताशी 45 किलोमीटरांच्या वर जात नाही. आणि तिचे सर्वांत तीव्र वळण अवघ्या 28 मीटर त्रिज्येचे आहे. 28 मीटरांस 150 ने भागले असता सुमारे पावणेएकोणीस सेंटिमीटर येतात. प्रतिकृती-रेल्वेत जागेअभावी जी अस्वाभाविक अशी वळणे घ्यावी लागतात, ती या रेल्वेने प्रत्यक्षातच घेतलेली आहेत! एनोशिमा व कोशिगोए यांच्या दरम्यान ती भर रस्त्यातून मोटारींच्या सोबतीने चालते; कोशिगोएचा फलाट तर इतका तोकडा की चार डब्यांची गाडी उभी राहिली असता एका डब्याची दारे उघडताच येत नाहीत. पुढे ती समुद्राच्या कडेस येते, आणि तेथील एका शाळेजवळचे फाटक एका लोकप्रिय चित्रमालिकेमुळे इतके प्रसिद्धीस आले आहे की छायाचित्रे घेणाऱ्यांची तेथे सदोदित झुंबड असते. हे दोन्ही देखावे मोह घालणारे आहेत. तथापि मला त्याहून पसंत पडणारा तुकडा गोकुराकुजी आणि हासे या स्थानकांमधला आहे, आणि त्याची कारणे सांगण्यासारखी आहेत.

गोकुराकुजी स्थानक सोडल्यावर गाडी या लाइनीवरील एकमेव बोगद्यात शिरते. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या त्या बोगद्याच्या तोंडाशी विटांची कमान आहे. बोगद्यातून बाहेर पडताच, डोंगराच्या कुशीत, गोर्यो नावाच्या जुन्या देवस्थानाची दगडी तोरी कमान लागते, आणि रूळ त्या कमानीच्या अगदी पायाशी, देवदर्शनाची वाट आडवी कापून जातात. भाविकाने गाडी जाऊ द्यावी आणि मग रूळ ओलांडून देवापुढे जावे. जून महिन्यात रुळांच्या कडेने हायड्रेंजियाची निळी-जांभळी झुबकेदार फुले फुलतात. तेथून थोडे पुढे हासे स्थानक. त्याला दोन फलाट व दोन रूळ आहेत, समोरासमोरून येणाऱ्या गाड्या तेथे एकमेकींस वाट देतात, आणि त्यानंतर लाइन पुन्हा एकेरी होऊन घरांच्या परसांमधून दिसेनाशी होते. गोकुराकुजी ते हासे हे अंतर सुमारे 700 मीटर आहे, म्हणजे आपल्या प्रमाणात साडेचार मीटरांहून अधिक. परंतु बोगद्याची लांबी दाखवावयाचीच नाही आणि मधली चार-दोन घरे वगळावयाची, म्हणजे सगळा मजकूर दोन मीटरांत नेटका बसतो. डाव्या हातास बोगदा, उजव्या हातास घरांच्या भिंती. गाडी जेथून येते आणि जेथे जाते त्या दोन्ही जागा प्रेक्षकाच्या दृष्टीआड होतात, आणि मागच्या बाजूस गाड्या उभ्या करून ठेवण्याचे छुपे यार्ड विनासायास मिळते. मूळ भूगोलानेच लेआउटचा नकाशा काढून ठेवावा अशी स्थळे फार थोडी आढळतात.

हासे स्थानकात उतरणारे बहुतेक प्रवासी कामाकुराची महाबुद्धाची मूर्ती पाहावयास आलेले असतात. तेराव्या शतकातील ही ब्राँझची मूर्ती चौथरा सोडून 11 मीटरांहून उंच आहे. 1:150 प्रमाणात ती साडेसात सेंटिमीटर होईल आणि लेआउटवर कोठेही सहज मावेल. ती ठेवण्याचा मोह प्रत्येकास होतो. तो आवरला पाहिजे. कारण मूर्ती स्थानकापासून बरीच दूर आहे आणि फलाटावरून दिसत नाही. त्याऐवजी फलाटावर छत्र्या घेतलेल्या यात्रेकरूंचा घोळका उभा करावा, दोघे-तिघे एकाच दिशेस वळलेले दाखवावेत, रस्त्याच्या कोपऱ्यावर बाण काढलेली पाटी लावावी; बुद्ध तेथे आहे हे पाहणाऱ्यास आपोआप उमगते.

ऋतूच्या बाबतीत इतकेच कटाक्षाने वागावे लागते. चेरीचा बहर त्या भागात मार्चअखेर ते एप्रिलच्या आरंभी, हायड्रेंजियाचा जूनमध्ये. दोन्ही एका फळीवर आणले की जपानी प्रेक्षक पाठ फिरवून निघून जाईल, आणि ते योग्यच होईल. आपण जून ठरविला की पुढचे पुष्कळ आपोआप ठरते. जून म्हणजे तेथील त्सुयु, वर्षाकाळ; आभाळ करडे, उजेड सावलीवाचूनचा, डांबर ओले. प्रत्यक्ष पडणारा पाऊस दाखविता येत नाही, पण नुकताच थांबलेला पाऊस दाखविता येतो. रस्ता करड्या रंगाने रंगवून वाळला की जेथे पाणी साचेल अशा खोलगट जागी चकचकीत व्हार्निशचे दोन-तीन हात द्यावेत; कौलांच्या पन्हळींतून तोच हात अगदी पातळ फिरवावा; रुळांखालची खडी नेहमीपेक्षा एक छटा गडद घ्यावी. फुलांसाठी स्पंजाचा चुरा निळ्या, जांभळ्या आणि फिकट गुलाबी अशा तीन-चार छटांत रंगवून, गोंद लावलेल्या हिरव्या झुडपांवर चिमट्याने एकेक झुबका ठेवावा लागतो. हे काम सावकाशीचे आहे. पण गाडी जाते तेव्हा त्या फुलांचे गुच्छ डब्याच्या कडेस जवळजवळ स्पर्श करतात, आणि हासेचा जो खरा अनुभव आहे तो नेमका तोच.

बांधकामाचा पाया म्हणजे फळ्या. पुढेमागे प्रदर्शनास न्यावयाचे असेल तर एकसंध दोन मीटरांची फळी कधीही करू नये. ती जिन्यातून उतरत नाही आणि मोटारीत शिरत नाही. एकेक मीटरच्या दोन चौकटी, वर पातळ प्लायवुड, आणि जोडावर पितळी खुंट्या, जेणेकरून पुन्हा जोडताना दोन्हीकडचे रूळ केसभरही सरकू नयेत. रूळ घातल्यावर विजेची तजवीज. एन गेजला 12 व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो. तो रुळांतूनच चाकांवाटे मोटरीस पोहोचतो, आणि प्रवाहाची दिशा उलटविली की गाडी उलट चालते. रुळांच्या प्रत्येक जोडावर थोडा थोडा दाब गळतो, म्हणून एका ठिकाणी तारा जोडून समाधान मानू नये. ठिकठिकाणी फळीखालून तारा आणून डाख द्यावा. हासेच्या दोन्ही रुळांस निरनिराळी बटणे ठेवावीत, म्हणजे एक गाडी उभी असता दुसरी चालविता येईल. आता एकाच रुळावरील अनेक इंजिनांस स्वतंत्र हुकूम देणारी अंकीय पद्धतीही उपलब्ध आहे. परंतु जपानात साधी पद्धत अद्याप मोठ्या प्रमाणावर टिकून आहे, आणि दोन मीटरांच्या एकेरी लाइनीस ती पुरेशी आहे.

खडी पसरणे हे या सर्वांतील कंटाळवाणे काम, आणि ते टाळणाऱ्याचा लेआउट लगेच ओळखू येतो. बारीक चाळलेली खडी रुळांमध्ये कुंचल्याने सारखी करावी, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून ते फवाऱ्याने शिंपडावे, आणि मग पाणी घालून पातळ केलेला पांढरा गोंद डोळ्यांत औषध घालण्याच्या नळीने थेंब थेंब सोडावा. साबणामुळे गोंद खड्यांच्या तळापर्यंत उतरतो, एरवी तो वरच गोळा होऊन राहतो. रात्रभर तसेच ठेवून सकाळी रुळांचा माथा कापडाने स्वच्छ पुसून घ्यावा. सांध्यांच्या हलत्या पात्यांजवळ मात्र गोंदाचा थेंबही जाता कामा नये.

घरांचे संच जपानात तयार मिळतात, आणि एनोडेनच्या गाड्यांचे नमुने मोदेमोसारख्या छापांनी काढलेले आहेत. परंतु संचातील घर जसेच्या तसे ठेवले की ते दुकानातल्यासारखेच दिसते. त्याची एक भिंत कापावी, रुळांकडे पाठ करून बसवावे, मागे स्वयंपाकघराच्या धुराने काळवंडलेला पत्रा, गॅसची टाकी, दोरीवरचे कपडे घालावेत. कारण रेल्वेला घरांची दिसते ती नेहमी पाठ. तारांचे काम त्याहून अवघड. एनोडेन विजेवर चालते, त्यामुळे रुळांवरून ओव्हरहेड वायर जाते. आणि त्याखेरीज गल्लीतील खांबांच्या तारा. 1:150 प्रमाणात खऱ्या जाडीची तार डोळ्यांस जेमतेमच दिसेल, आणि ठळक दिसेल इतकी जाड घेतली तर ती दोरखंडासारखी वाटते. अनुभवी माणसे रेशमाचा किंवा लवचीक रबरी धागा वापरतात, जो प्रेक्षकाचे बोट लागले तरी तुटत नाही. माझा कौल असा की तारांचा प्रयास वाचवू नये. तारांवाचूनचे जपानी गाव हे अपुरे गाव होय.

प्रदर्शन हा या छंदाचा दुसरा अर्धा भाग. घरी जो लेआउट निर्वेधपणे चालतो तो सभागृहात चालेलच अशी खातरजमा कोणी देऊ शकत नाही: वाहतुकीत एखादा जोड ढिला होतो, गर्दीने उडविलेली धूळ रुळांवर बसते, दिवसभर फिरून मोटरी तापतात. म्हणून नेमलेल्या दिवसाच्या पुष्कळ अगोदर फळ्या उतरवून, पुन्हा जोडून, सलग काही तास गाड्या चालवून पाहण्याची पद्धत आहे. सोबत आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड, राखीव इंजिन, राखीव तारा, आणि डाख देण्याचे साधन हवेच. सभागृहातील दिव्यांवर विसंबू नये. लेआउटच्या माथ्यावर स्वतःची पट्टी लावून तिचा प्रकाश किंचित निळसर, ढगाळ ठेवला तर आपला जून महिना शाबूत राहतो.

गाडी चालविण्याचेही शास्त्र आहे. ताशी 45 किलोमीटर हा वेग 1:150 प्रमाणात सेकंदास सुमारे सव्वाआठ सेंटिमीटर होतो. चार डब्यांची एनोडेन, जी सुमारे 33 सेंटिमीटर भरते, तिला तोरी कमानीपुढून जावयास चार सेकंद लागले पाहिजेत. बहुतेक चालक याच्या तिप्पट वेगाने गाडी पिटाळतात आणि बांधणाराच्या सगळ्या कष्टांवर पाणी ओततात. एनोडेनवर कित्येक वर्षे दर 12 मिनिटांनी गाडी सुटत असे. प्रेक्षकास तितका वेळ ताटकळत ठेवता येत नाही, पण मिनिट-दीड मिनिटाची पाळी बांधता येते. बोगद्यातून एक गाडी यावी, डाव्या रुळास लागावी, थांबावी. घरांच्या आडून दुसरी यावी, तीही आपल्या डाव्या रुळास लागावी, कारण जपानात आपल्यासारखेच डाव्या हाताने चालतात. मग पहिली सुटावी. गाडी उभी असते त्या वेळात प्रेक्षक पाहू लागतो ते फलाटावरची माणसे, फुले, ओला रस्ता. लहान मुले सर्वांत पुढे असतात. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीस लेआउट असावा, किंवा पुढे पायरी ठेवावी, ही गोष्ट आयोजकांनी विसरू नये.

एकट्याने दोन मीटर बांधणे ज्यांस झेपत नाही त्यांच्यासाठी तुकड्यांची पद्धत आहे. जपानी हौशी मंडळींच्या लहान फळ्यांवरून स्फूर्ती घेऊन अमेरिकेत टी-ट्रॅक नावाची एक योजना रूढ झाली. काटोचा 248 मिलिमीटरांचा आणि 62 मिलिमीटरांचा असे दोन रूळ जोडले की 310 मिलिमीटर होतात. खालची पेटी 308 मिलिमीटरांची, म्हणजे पेट्या एकमेकींस भिडण्याआधी रूळ भिडतात आणि खटकन् बसतात. वीतभर रुंद आणि हातभरही लांब नसलेली अशी एक पेटी प्रत्येकाने घरी सजवावी, प्रदर्शनाच्या दिवशी टेबलावर ओळीने लावावी, आणि गाडी सर्वांच्या गावांतून फिरावी. जपानातील माध्यमिक शाळांच्या रेल्वे-मंडळांची राष्ट्रीय स्पर्धा याच तत्त्वावर चालते. प्रत्येक शाळा एखादा देखावा फळीवर बांधून आणते आणि परीक्षक त्यांना गुण देतात. टोकियोच्या बिग साइट सभागृहात ऑगस्टमध्ये भरणारे हौशी मंडळींचे मोठे संमेलनही प्रसिद्ध आहे. योकोहामात 2012 साली उघडलेले हारा रेल्वे प्रतिकृती संग्रहालय मात्र एका माणसाच्या आयुष्यातून उभे राहिले. हारा नोबुतारो यांचा जन्म 1919 चा. त्यांनी बाळपणापासून जमविलेल्या व बनविलेल्या नमुन्यांची संख्या हजारांत गेली. रूळ व चाके खऱ्यासारखी लोखंडी हवीत, वीज वरच्या तारेतूनच घेतली पाहिजे, आणि प्रवाह तोडला की गाडी एकाएकी न थांबता आपल्या वेगाने घरंगळत गेली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तेथील 45 मिलिमीटर रुळांवरील गाड्यांचा आवाज डोळे मिटून ऐकला तर तो खऱ्या रेल्वेचाच वाटतो.

महाराष्ट्रातील वाचकांस या कलेचे दर्शन घ्यावयाचे तर पुण्यात कोथरूड येथे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. कै. भाऊसाहेब जोशी यांनी कित्येक वर्षांच्या परिश्रमाने उभे केलेले हे दालन 1998 पासून लोकांस खुले आहे, आणि कोणतीही परदेशी यात्रा न करता प्रतिकृती-रेल्वे म्हणजे काय हे तेथे तासाभरात कळते. पण माझी विनंती त्यापुढची आहे. एनोडेनचे जे गुण वर सांगितले, आखूड डबे, मंद वेग, विलक्षण तीव्र वळणे, एकेरी लाइन, एकच बोगदा, ते सगळे आपल्या नेरळ-माथेरान रेल्वेत आहेत. ती 1907 साली सुरू झाली. लांबी सुमारे 21 किलोमीटर, गेज 610 मिलिमीटर. जपानी 9 मिलिमीटरांचे रूळ तिला वापरावयाचे तर प्रमाण 1:68 च्या आसपास धरावे लागेल आणि त्या प्रमाणाचे तयार सामान बाजारात मिळणार नाही. इंजिन, डबे, झाडे, माकडे, सारे हाताने करावे लागेल. त्यास हरकत नाही. कोणा तरुण मंडळींनी एखादी सुटी काढून जुम्मापट्टीचा फलाट, वॉटरपाइपजवळचे वळण आणि बोगद्याचे तोंड यांची मोजमापे टेपने घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, ऋतू कोणता दाखवावयाचा ते ठरवावे, आणि पहिली मीटरभर फळी कापावयास घ्यावी.